सोप्या माहितीतून काय गाळायचं नाही

रक्ततपासणीच्या आधी रुग्णाच्या हाती पडणारी नेहमीच्या थाटाची ही सूचना पाहा:

"तपासणीस येणाऱ्या रुग्णांनी तपासणीपूर्वी किमान आठ तास अन्नग्रहण करू नये, तथापि पाणी पिण्यास हरकत नाही. नियोजित वेळेस उपस्थित राहणे शक्य नसल्यास तत्पूर्वी कळविणे आवश्यक राहील."

वाक्यं दोनच आहेत. व्याकरण ठीक, माहितीही खरी. वाचायची सवय असलेला माणूस ती क्षणात वाचून कागद खिशात टाकतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसासाठी मात्र इथे जवळपास प्रत्येक शब्दाला प्रश्न उभा राहतो. 'रुग्णांनी' म्हणजे मी का? अन्नग्रहण म्हणजे काय? आठ तास कुठून मोजायचे? कळवायचं कोणाला आणि कसं? शिवाय जे त्याला खरोखर जाणून घ्यायचं असतं, म्हणजे तिथे गेल्यावर माझ्याशी काय करणार आणि दुखणार का, त्याबद्दल या सूचनेत एक अक्षर नाही.

आधी एक खुलासा. हा लेख बौद्धिक अक्षमतेबद्दल आहे. ती लहानपणापासून असते आणि आयुष्यभर राहते. नवी माहिती समजून घेणं, ती लक्षात ठेवणं, रोजचे व्यवहार एकट्याने पार पाडणं यात अशा माणसाला कमी-जास्त मदत लागते. डाउन सिंड्रोम, फ्रॅजाइल एक्स अशी कारणं काही जणांच्या बाबतीत माहीत असतात, अनेकांच्या बाबतीत कारण कळतच नाही. डिस्लेक्सिया ही वेगळी गोष्ट. तिथे अडथळा अक्षरं उलगडण्यात असतो, आशय समजण्यात नसतो. त्यामुळे वरची सूचना डिस्लेक्सिया असलेल्याला नुसती मोठ्याने वाचून दाखवली तरी त्याचं काम बहुधा होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्याला ती दहादा वाचून दाखवली तरी होणार नाही. ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमतेलाच 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात आणि या विषयावरचं बरंच साहित्य तिथलं आहे, त्यामुळे ते वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

अडचण नेमकी कुठे होते? पहिलं कारण म्हणजे वाचता वाचता मनात धरून ठेवता येणारी माहिती. लांब वाक्याच्या शेवटी क्रियापद येईपर्यंत सुरुवात निसटून जाते. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, म्हणजे 'करायचं' की 'नाही करायचं' हे सगळ्यात शेवटी कळतं. दुसरं, वाचकावर सोडलेली गणितं. 'आठ तास आधीपासून' हे समजायला तपासणीची वेळ आठवून उलट मोजावं लागतं. तिसरं, न सांगितलेल्या गोष्टी. लिहिणाऱ्याला त्या इतक्या उघड वाटतात की तो त्या लिहीतच नाही. आणि चौथं, शब्दांचे आडवळणी अर्थ. 'पोट रिकामं ठेवून या' हे वाचून एखादा माणूस उपाशी येण्याऐवजी शौचाला जाऊन येईल, आणि शब्दांकडे पाहिलं तर त्याचं काही चुकलेलं नसेल.

आता तीच सूचना पुन्हा लिहून पाहू.

तुमची रक्ताची तपासणी आहे.
दिवस: सोमवार, १० मार्च.
वेळ: सकाळी ९ वाजता.

रविवारी रात्री नेहमीसारखं जेवा.
सोमवारी सकाळी काही खाऊ नका.
चहा, कॉफी, दूध पिऊ नका.
पाणी प्या.
तपासणी झाली की तुम्ही खाऊ शकता.

तुम्ही रोज गोळ्या घेता का?
सोमवारी सकाळी गोळी घ्यायची का, ते डॉक्टरांना आधीच विचारा.

नर्स तुमच्या हाताला बारीक सुई टोचेल.
नर्स सुईने थोडं रक्त घेईल.
सुई टोचताना थोडं दुखेल.

तुम्ही कोणाला तरी सोबत आणू शकता.
तुम्हाला सोमवारी यायला जमणार नाही का?
या नंबरवर फोन करा.

तुम्हाला तपासणी नको आहे का?
तसं आम्हाला सांगा.
डॉक्टर तुमच्याशी बोलतील.
तपासणी करायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

दोन वाक्यांची वीस-बावीस झाली. सोपं म्हणजे छोटं, हा समज इथेच मोडतो. वाक्यं छोटी होतात, मजकूर मात्र वाढतो, कारण गृहीत धरलेलं सगळं कागदावर आणावं लागतं. आठ तासांचं गणित लिहिणाऱ्याने करून टाकलं आणि वाचकाला फक्त 'सकाळी खाऊ नका' एवढंच सांगितलं. कोण काय करणार, ते नावानिशी आलं. फोन नंबर 'मागील पानावर पाहावा' असा न ठेवता जिथे लागतो तिथेच दिला.

शेवटच्या चार ओळी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या आहेत, आणि सोपी पत्रकं करताना नेमक्या त्याच पहिल्यांदा उडवल्या जातात. मजकूर कमी करायचा म्हटलं की कात्री कुठे चालते ते बघा: धोके, दुसरे पर्याय, तक्रार कुठे करायची, नकार देता येतो हे. उरतं काय? 'ही तपासणी चांगली आहे. तपासणी करून घ्या.' वाचायला हे अतिशय सोपं आहे, पण ही माहिती राहिली नाही, हा गोड शब्दांतला हुकूम झाला. कर्करोगाच्या चाचणीचं पत्रक सोपं करताना 'कधीकधी आजार नसतो, तरी तपासणीत आजार आहे असं दिसतं, मग आणखी तपासण्या कराव्या लागतात' हे लिहायला जागा लागते आणि डोकंही लागतं. तरीही ते लिहायलाच हवं. ते वगळून मिळालेला होकार हा समजून दिलेला होकार नव्हे.

कायद्यानेही हे धागे एकत्र बांधलेले आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये स्वीकारला गेला आणि २००८ मध्ये लागू झाला. संवादाच्या प्रकारांमध्ये त्याने ब्रेल आणि खुणांच्या भाषेसोबत सोप्या भाषेलाही जागा दिली. त्याचं नववं कलम सार्वजनिक इमारतींमधल्या पाट्या वाचायला-समजायला सोप्या असाव्यात असं सांगतं, तर एकोणतिसावं कलम मतदानाचं साहित्य समजायला सोपं असावं असं. पण मला त्यातलं बारावं कलम कळीचं वाटतं. स्वतःच्या आयुष्याचे निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार अपंग माणसालाही इतरांइतकाच आहे, आणि तो वापरायला लागणारी मदत त्याला मिळाली पाहिजे, असं ते म्हणतं. सोपी माहिती ही त्याच मदतीचा भाग आहे. इंग्लंड आणि वेल्समधला २००५ चा मानसिक क्षमतेविषयीचा कायदा आणखी स्पष्ट बोलतो: समजावून देण्याचे शक्य ते सगळे मार्ग वापरून झाल्याशिवाय 'या माणसाला निर्णय घेता येत नाही' असं ठरवायचं नाही. साधी भाषा आणि चित्रं यांचा त्यात उल्लेखच आहे. म्हणजे अगम्य कागद हातात देऊन वर 'याला काही समजत नाही' असा शिक्का मारायची सोय उरत नाही.

हा विचार तसा जुना आहे. स्वीडनमध्ये 'ओट्टा सीदोर', म्हणजे 'आठ पानं', हे सोप्या स्वीडिशमधलं बातमीपत्र १९८४ पासून निघतं. त्यात राजकारण, जग, खेळ असं सगळं असतं. युरोपभरच्या संघटनांना एकत्र आणणाऱ्या 'इन्क्लूजन युरोप'ने सोप्या वाचनाचे नियम बांधले आणि पुढे ते अनेक भाषांत नेले. ते नियम ठरवताना बौद्धिक अक्षमता असलेली माणसं सोबत होती. मोठी आणि साधी अक्षरं, नवीन वाक्य नवीन ओळीवर, एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच शब्द, तिरकी अक्षरं नकोत, अक्षरांच्या मागे नक्षी नको, एक शब्द दोन ओळींत तोडायचा नाही, असे ते नियम आहेत. अक्षरांचा आकार किमान १४ पॉइंट हवा. हे सगळं पाळायला सोपं आहे, म्हणूनच त्यावर जास्त वेळ घालवत नाही. बहुतेक जण फक्त एवढंच पाळतात आणि काम झालं असं समजतात.

भाषेचं काम त्याहून अवघड आहे, आणि मराठीचे स्वतःचे काही खड्डे आहेत. युरोपातल्या मार्गदर्शिकांत ते सापडणार नाहीत.

सर्वनामापासून सुरुवात करू. 'आपण' हा शब्द आदराचा म्हणून सर्रास वापरला जातो. पण 'आपण उद्या दवाखान्यात यायचं आहे' यात फक्त वाचक येणार की लिहिणाराही सोबत असणार? 'आपण'चे हे दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत. म्हणून 'तुम्ही' वापरावं. 'तू' मात्र नको. चाळीस वर्षांच्या माणसाला पत्रकातून 'तू औषध घे' म्हणणं म्हणजे त्याला मूल समजणं, आणि ते त्याला बरोबर कळतं.

'परवा' हा तर सापळाच आहे. होऊन गेलेला परवा की येणारा, हे क्रियापदावरून ठरतं, आणि क्रियापदापर्यंत पोहोचणं हीच तर अडचण आहे. वार आणि तारीख लिहावी. वेळेचंही तसंच. पावणेचार समजायला चारातून पाव तास वजा करावा लागतो. सव्वा, साडे, दीड, अडीच यांचा प्रत्येकाचा कायदा वेगळा. एकोणसाठ म्हणताना आपण साठच्या जवळ असतो आणि लिहिताना पन्नाशीत. म्हणून संख्या आकड्यांत लिहाव्यात, आणि वाचणारा मोबाइलवर किंवा घड्याळात रोज जे आकडे पाहतो तेच वापरावेत, मग ते इंग्रजी असले तरी. तिथे भाषाभिमान बाजूला ठेवलेला बरा. टक्क्यांऐवजी '१०० माणसांपैकी ५ माणसांना' असं लिहावं आणि शक्य असेल तर १०० आकृत्यांपैकी ५ रंगवून दाखवाव्यात.

कार्यालयीन मराठीतलं 'करण्यात येईल' कर्ता गिळून टाकतं. 'आपणास कळविण्यात येईल.' कोण कळवणार? फोन येणार की पत्र? 'आमच्या ऑफिसमधून तुम्हाला फोन येईल' म्हटलं की वाट कशाची बघायची ते समजतं. 'ओळखपत्र दाखविल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही' या वाक्यात दोन नकार एकमेकांना छेदतात. त्याऐवजी 'येताना ओळखपत्र आणा. दारावर ओळखपत्र दाखवा. मग तुम्हाला आत सोडतील.' आणि 'अर्ज भरून दिलेल्या व्यक्तींच्या पालकांनी' असली '-लेल्या'ची साखळी दिसली की ती तोडून दोन-तीन वाक्यं करावीत.

शुद्ध की परका, या वादात इथे पडू नये. 'अर्ज' कळतो का 'फॉर्म', 'दूरध्वनी' कळतो का 'फोन', हे वाचणाऱ्यावरून ठरतं आणि बहुतेकदा उत्तर उघड असतं. एकदा 'फॉर्म' म्हटलं की शेवटपर्यंत फॉर्मच. शाळेत आपल्याला एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका असं शिकवलं जातं. इथे ते विसरावं लागतं, कारण 'अर्ज' आणि 'फॉर्म' दोन्ही आले की वाचणारा दोन वेगळे कागद शोधू लागतो. अवघड शब्द टाळताच येत नसेल, उदाहरणार्थ आजाराचं किंवा औषधाचं नाव, तर तो ठेवावा आणि लगेच पुढच्या ओळीत त्याचा अर्थ सांगावा. उद्या डॉक्टरांच्या तोंडून तोच शब्द येणार आहे. लांब जोडशब्द फोडावेत. जर्मनीत सोप्या भाषेत लिहिताना लांब शब्दाच्या तुकड्यांमध्ये आडवी रेघ देतात. मराठीत 'रक्तदाबतपासणी' ऐवजी 'रक्तदाबाची तपासणी' लिहिलं तरी काम भागतं.

चित्रांबद्दल एक भाबडा विश्वास आढळतो: मजकुराशेजारी चित्र टाकलं की तो सोपा झाला. अभ्यासांचे निष्कर्ष तसे सरळ नाहीत. काहींना चित्रांचा उपयोग होतो, काहींना होत नाही, आणि कधी चित्र मजकुरावरून लक्ष उडवतं. न्यायासाठी तराजूचं चित्र टाकलं तर कित्येकांना त्यात दुकान दिसेल. 'खाऊ नका' यासाठी ताटावर लाल फुली मारली तर एखाद्याला फुली दिसत नाही, जेवणच दिसतं. सगळ्यात खात्रीची चित्रं म्हणजे खऱ्या जागेचे फोटो: त्याच दवाखान्याचं दार, तीच खुर्ची. एका कल्पनेला एकच चित्र, ओळीच्या शेजारीच. आणि मोठ्या माणसांच्या पत्रकात कार्टून अस्वलं नकोत. लैंगिक आरोग्य किंवा मतदान यांच्या पत्रकावर बालवाडीची चित्रं पाहून आपल्याला जसा अपमान वाटेल, तसाच त्यांनाही वाटतो.

मजकूर कळला की नाही, हे शोधायची पद्धतही फसवी असते. 'कळलं का?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. मोठ्यांना, डॉक्टरांना, साहेबांना 'हो' म्हणत राहिलं की सुटका होते, हे आयुष्यभराच्या अनुभवातून अंगी मुरलेलं असतं. त्याऐवजी 'सोमवारी सकाळी उठल्यावर तुम्ही काय कराल, मला सांगा' असं म्हणावं. सांगता आलं नाही तर चूक कागदाची, असं धरून पुन्हा लिहावं. 'हे हवं की ते?' असं विचारल्यावर अनेकदा शेवटी उच्चारलेला पर्याय निवडला जातो. थोड्या वेळाने क्रम उलटा करून पुन्हा विचारावं. उत्तर बदललं, तर ती अजून निवड झालेली नाही.

अशी चाचणी कोणाकडून घ्यायची? ज्यांच्यासाठी कागद आहे, त्यांच्याकडूनच. आईवडील किंवा शिक्षक यांच्याकडून नाही. ते माणसाला ओळखतात, पण कागदातल्या रिकाम्या जागा स्वतःच्या माहितीने भरून वाचतात. सोप्या वाचनाचं युरोपीय चिन्ह लावायचं असेल, तर बौद्धिक अक्षमता असलेल्या किमान एका व्यक्तीने तो मजकूर तपासलेला असणं ही अट आहे. जर्मनीत तर हे तपासनीसांचं रीतसर काम आहे. हे काम आहे, उपकार नव्हे, त्यामुळे त्याचा मोबदला दिला पाहिजे. बैठकीला बोलावून चहा पाजून, फोटो काढून परत पाठवणं म्हणजे सहभाग नव्हे.

आता एक अप्रिय गोष्ट. बौद्धिक अक्षमता असलेल्या कित्येक माणसांना वाचता येतच नाही. त्यांच्यासाठी सर्वांत सुबक पत्रकही कोराच कागद असतो. तिथे ऑडिओ, छोटे व्हिडिओ, फोटोंची रांग, प्रत्यक्ष वस्तू हाताशी घ्याव्या लागतात. पोहायला जायचं आहे हे सांगायला टॉवेल हातात देणं ही सुद्धा माहितीच आहे. तपासणीच्या आधी एकदा नुसतं जाऊन खोली पाहून येणं, खुर्चीवर बसून बघणं, हे कोणत्याही कागदापेक्षा जास्त सांगून जातं. डाउन सिंड्रोममध्ये ऐकलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा पाहिलेलं लक्षात ठेवणं अनेकांना सोपं जातं, आणि ऐकू कमी येण्याचं प्रमाणही बरंच असतं, म्हणून नुसता फोन करून सांगणं पुरत नाही. ज्यांना वाचता येतं, त्यांनाही सोपा मजकूर कोणीतरी शेजारी बसून, थांबत थांबत बोलला तर जास्त समजतो. म्हणून कागदाकडे त्या बोलण्याचा आधार म्हणून पाहावं. घरी गेल्यावर तो पुन्हा काढून बघता येतो, एवढं तरी त्याने करावं.

सोबत्यासाठी वेगळा कागद करावा, ही गोष्ट फार थोडे लोक पाळतात. पहिल्या पानावर 'तुम्ही' आणि तिसऱ्या पानावर 'त्याला समजावून सांगा' असं आलं की वाचणाऱ्याला कळतं, हे आपल्याशी बोलणं नव्हतंच.

मोबाइल आणि संगणकाने नवे उंबरठे उभे केले आहेत. वेडीवाकडी अक्षरं ओळखा, साठ सेकंदांत ओटीपी टाका, पासवर्ड आठवा, मघाशी लिहिलेला पत्ता पुन्हा लिहा. मजकूर कितीही सोपा असला तरी माणूस त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वेबसाइटसाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली, डब्ल्यूसीएजी, तिच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत याची दखल घेतली गेली. लॉग-इन करताना पाठांतराची किंवा कोडं सोडवण्याची सक्ती नसावी, दुसरा मार्ग असावा, एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा मागू नये, मदतीची खूण प्रत्येक पानावर त्याच जागी असावी, असं ती सांगते. वृद्धांना आणि घाईत असलेल्यांनाही याचा फायदा होतो, पण नियम त्यांच्यासाठी आले नाहीत.

हल्ली एआयला 'सोपं करून दे' म्हणण्याची सोय झाली आहे. पहिला मसुदा म्हणून ठीक. पण ते वाक्यं छोटी करताना अटी आणि अपवाद गाळून टाकू शकतं. शिवाय तुमच्या दवाखान्यात सुई टोचण्याआधी कोण भेटणार, हे त्याला ठाऊक नसतं. मूळ कागद आणि नवा कागद शेजारी ठेवून ओळीओळीने बघावं लागतं: काय गळलं, आणि ते चालेल असं कोणी ठरवलं?

संस्थांनी काय करावं, याचा एक नीट नमुना इंग्लंडच्या आरोग्यसेवेत आहे. २०१६ पासून तिथे नियमच आहे: माणसाला माहिती कोणत्या रूपात हवी ते विचारा, त्याची नोंद करा, नोंद ठळक दिसेल अशी ठेवा, पुढच्या विभागाला कळवा, आणि मग खरोखर त्या रूपात माहिती द्या. पहिली पायरी विचारण्याची आहे, छापण्याची नाही, हे मला फार आवडतं. हजार सोपी पत्रकं छापून कपाटात ठेवणं सोपं असतं. नव्या रुग्णाच्या फॉर्मवर 'तुम्हाला माहिती कशी दिली तर कळते?' असा एक प्रश्न घालायला काहीच खर्च नाही, फक्त त्याचं उत्तर समोरच्या टेबलावरच्या माणसाने वाचलं पाहिजे.